बुडीत गावाचा नकाशा

२७ मे १९९९, गुरुवार

ग्रंथालय दहाला उघडलं. पेपरवर झुंबड. एरवी दिवसाला सहा माणसं येत नाहीत, आज बाकं पुरेनात. कारगिल कुठे ते दाखवायला भिंतीवर भारताचा नकाशा लावला. सगळे एकाच ठिकाणी बोट ठेवतात, त्यामुळे वरचा कोपरा संध्याकाळपर्यंत मळला.

मुरबाडहून अध्यक्षांचं पत्र. ग्रंथालय चालवणाऱ्या आमच्या मंडळाने युद्धाच्या दिवसांत काहीतरी करावं. ‘तालुक्यातले वीर’ म्हणून वीरगळांचं प्रदर्शन मांडायचं, जुन्या लढायांत पडलेल्यांचे हे दगड शाळेतल्या मुलांना दाखवायचे. धरणाचं पाणी आटल्यामुळे बुडीत गाव उघडं पडलंय, तिथले सहा वीरगळ शेख गुरुजींनी मोजून, फोटो काढून आणावेत. पत्र फाइलला लावलं.

दुपारी गुरुजी आलेच. सत्तरी उलटली तरी जिना एका दमात चढतात. बुडीत गावाचा जुना नकाशा मागितला. दाखल क्र. २१४. दाखल वहीत त्या नोंदीपुढेच त्यांची सही घेतली.

“वंदना, वीसेक दिवसच मिळतात बघ. मग परत पाणी.”

त्यांचं घर त्याच गावातलं. आमचंही. म्हणजे सासरचं. मी ते गाव पाहिलेलं नाही, माझ्या लग्नाआधीच पाण्याखाली गेलं.

३० मे, रविवार

आमचे हे, प्र., सकाळच्या ड्यूटीवरून आले ते तोंड पाडून. धरणावर बंदूकवाले पहारेकरी आले आहेत. गेटवर पास. बारा वर्षं तिथे नोकरी करतात, तरी आज डबा उघडून दाखवावा लागला. पाण्याच्या काठाला कुणी जायचं नाही, फोटो काढायचा नाही, असे बोर्ड लावलेत. मुंबईला पाणी जातं इथून, म्हणून.

मी गुरुजींचं सांगितलं. प्र. चपला काढता काढता थांबले.

“त्यांना सांग, अजिबात जाऊ नका म्हणावं. आजच सांग.”

आज रविवार. धरणाच्या कॉलनीतून शहापूरला जायला दोनचीच एस.टी. कपडे भिजवले होते. म्हटलं उद्या कामावर जाताना सांगते.

३१ मे, सोमवार

थेट गुरुजींच्या घरी गेले. दारात त्यांची सून रुखसाना. “अब्बा पहिल्या गाडीने गेले, वहिनी. टेप, कॅमेरा, भाकरी सगळं घेऊन.”

काल कपडे भिजवले नसते तर.

१ जून, मंगळवार

गुरुजींना काठावर पकडलं. काल दुपारीच. रात्री घरी सोडलं, आज सकाळी परत बोलावलं. हे मला ग्रंथालयाखालच्या टेलरने सांगितलं. मशीन थांबवून, हळू आवाजात. “मास्तरकडे धरणाचा नकाशा सापडला म्हणतात.” आणि मग, “तुमच्याकडे वाचायला यायचे ना ते?”

वर गेले. दार आतून लावून घेतलं. दाखल वही काढली.

२१४. बुडीत क्षेत्र व धरण बांधकाम, नकाशा, अमोनिया प्रिंट, १ नग. देणगीदार: श्री. प्रकाश ... पुढे आडनाव, पुढे कार्यालयाचं नाव. माझं अक्षर. शाळेत अक्षरासाठी बक्षीस मिळालं होतं. इतकं स्वच्छ लिहिलंय की आंधळ्यालाही वाचता येईल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑफिसातलं भंगार काढताना प्र.नी तो नकाशा उचलून आणला होता, कारण त्यात गावठाणातलं घर न् घर दाखवलंय. आईंना, म्हणजे सासूबाईंना, त्यांचं घर बोटाने दाखवलं होतं. नंतर म्हणाले, घरात कुजेल, मंडळाला दे. पण त्याच कागदावर धरणाची भिंतही आहे, दरवाजेही आहेत, बोगद्याचं तोंडही.

शिक्का मारलेला नाही. अमोनियाच्या निळसर नकाशा-कागदावर शाई फुटते म्हणून मारला नव्हता. म्हणजे नकाशा आमचा हे फक्त या वहीला माहीत.

पेपर वाचणारे दार वाजवत होते. उघडलं नाही.

२ जून, बुधवार

काल प्र.ना सांगितलं. हातातला घास तसाच.

“गुरुजींनी नाव सांगितलं माझं?”

“माहीत नाही.”

“मी चोरला नाय. साहेबांना विचारलं होतं.”

“लेखी?”

हसले. नुसते ओठ हलले. तोंडी विचारलेलं, आणि ते साहेब बदलून गेले त्याला दीड वर्ष झालं.

आई भिंतीला टेकून ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, “मास्तर नाय सांगायचा.”

संध्याकाळी प्र. पहिल्यांदाच दाराला आतून कडी लावून बसले. उजेड असताना. कॉलनीत दिवसा कुणी कडी लावत नाही.

३ जून, गुरुवार

मुरबाडला गेले. एस.टी.त दोन माणसं मागे ‘तो मास्तर’ म्हणून बोलत होती. एक म्हणाला पाण्यात विष टाकणार होता. दुसरा म्हणाला नाही, फोटो पाठवणार होता तिकडे. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तोंड उघडलं नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण तोंड उघडायला हवं होतं.

अध्यक्षांनी बसवलं, चहा दिला. त्यांच्याच बशीचा आवाज होत होता. वीस वर्षं हे मंडळ त्यांनी चालवलंय. तालुक्यातला एकेक दगड त्यांनी पायी फिरून नोंदवला. घाबरट माणूस असं मला कधी वाटलं नव्हतं.

“नकाशा मंडळाचा नाही असं म्हणायचं.”

“दाखल वहीत आहे, सर.”

“वही जुनी आहे. पावसात छप्पर गळतं. एखादं पान खराब होऊ शकतं.” मग खिडकीकडे बघत, “आणि माझं पत्र फाइलला आहे का? ते मला आणून दे.”

“गुरुजी तुमच्या पत्रावरूनच गेले ना?”

“मी वीरगळ म्हटलं. नकाशा ने असं कुठे म्हटलं?”

बरोबर आहे. असं कुठे म्हटलं नव्हतं.

४ जून, शुक्रवार

दोघे आले. एक फौजदार, एक हवालदार. जिन्यावर बूट वाजले तेव्हाच कळलं. वाचणारे सगळे दोन मिनिटांत उठून गेले, पेपर उघडे टाकून.

फौजदार चाळिशीचे असतील. आवाज चढवला नाही. खुर्ची मागून घेतली. गुरुजींच्या पिशवीत मंडळाचं सभासद कार्ड मिळालं, म्हणून आले.

“नकाशा तुमच्या ग्रंथालयातला का?”

“बघावं लागेल.”

“बघा ना.”

“वही इथे नाही. अध्यक्षांकडे, मुरबाडला.”

वही माझ्या टेबलाच्या खणात. खण माझ्या गुडघ्याला लागत होता.

“शेख म्हणतात नकाशा त्यांच्या घरचा. वडिलांच्या वेळचा. धरण झालं ते वडील गेल्यानंतर, हे त्यांच्या लक्षात नाही बहुतेक.” थोडं थांबून, “मंगळवारपर्यंत वही आणून ठेवा, बाई.”

ते गेल्यावर खण उघडला. वही आणि पत्र पिशवीत घातलं, वर कोथिंबिरीची जुडी. घरी आल्यावर तांदळाच्या डब्यात, तळाशी.

ही रोजनिशी कुठे ठेवू? हीसुद्धा वहीच.

५ जून, शनिवार

रुखसाना आली. बुरख्याची बटणं खालीवर लागलेली. बसली नाही.

रोज सकाळी बोलावतात, संध्याकाळी सोडतात. मारत नाहीत, पाणी देतात, पण तेच तेच विचारतात. बी.पी.ची गोळी दोनदा चुकली. काल घराच्या कौलांवर कुणीतरी दगड टाकला. दोन कौलं फुटली. शेजारचे बघत उभे होते, म्हणाली, त्याच शेजाऱ्यांची पोरं अब्बांच्या हाताखाली शिकली.

“अब्बा म्हणतात, नकाशा आमच्याच घरचा. वहिनी, आमच्या घरी असला नकाशा कधी नव्हता. मी झाडू मारते, मला माहीत आहे काय कुठे असतं ते.”

मी पाणी पुढे केलं, तिने घेतलं नाही.

“तुमच्याकडे येऊ नको म्हणाले होते. मी आले.”

आणि गेली. काही मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं, मला ‘नाही’ म्हणता आलं असतं.

६ जून, रविवार

प्र. ड्यूटीवर, मुलगी मैत्रिणीकडे. डबा उपसला. ब्लेड घेतलं. प्रकाशचा ‘प्र’ खरवडला. कागद पांढरा होत होत पातळ झाला, पलीकडच्या बाजूचं अक्षर दिसायला लागलं. तिथेच थांबले. हात ओले झाले होते, कागदाला डाग पडला.

मागे आई उभ्या. त्यांना वाचता येत नाही. पण ब्लेड आणि वही बघून कुणालाही कळेल.

“काय पुसते गो?”

सांगितलं. त्या खाली बसल्या, सांडलेले तांदूळ वेचू लागल्या. वेचता वेचताच बोलल्या. गाव उठवायचं ठरलं तेव्हा भरपाईचे अर्ज भरून द्यायचे होते. गावच्या लिहिणाऱ्याने आमच्या वस्तीचे अर्ज शेवटी ठेवले, मग मुदत संपली म्हणाला. शेख मास्तर शाळा सुटल्यावर आमच्या वस्तीत येऊन बसायचा. घरोघरचे अर्ज त्याने लिहिले, पुन्हा पुन्हा कचेरीत नेऊन दिले. “आमच्या घराला नंबर पडला तो त्याच्यामुळं. नायतर आमी कुठले? आमी तर कागदावर नव्हतोच.”

एवढंच. वही पोलिसांकडे ने म्हणाल्या नाहीत, नेऊ नको म्हणाल्या नाहीत. मुलाचं नाव आहे ना वहीत.

संध्याकाळी प्र. आले. त्यांना खरवडलेली जागा दाखवली. बराच वेळ बघत होते.

“आता हे बघून तर जास्तच संशय येईल.”

“हो.”

“नेऊ नको. क्वार्टर जाईल. पोरीची दहावी आहे.”

“गुरुजींचं काय?”

“नेऊ नको म्हटलं ना!” इतक्या मोठ्याने की शेजारचा रेडिओ बंद झाला.

७ जून, सोमवार

ग्रंथालयाला गेले नाही. त्रिशरण म्हणायला घेतलं, दुसऱ्या ओळीला अडखळले. लहानपणापासून म्हणतेय.

दिवसभर गेटकडून येणाऱ्या प्रत्येक जीपचा आवाज.

८ जून, मंगळवार

गेले.

प्र. सकाळच्या ड्यूटीला गेल्यावर डब्यातून वही काढली, पत्र काढलं. आईंना म्हटलं, शहापूरला जाते. म्हणाल्या, “तांदूळ झाकून ठेव.”

पोलीस ठाण्यात बाकावर गुरुजी. आठ दिवसांत गळ्याची कातडी लोंबायला लागलीय. माझ्या हातात वही बघितली आणि एकदम कडक आवाजात, वर्गात बोलावं तसं, “बाई, तुमचं इथं काय काम आहे? घरी जा.”

पाय खरोखर मागे वळले होते. फौजदारांनी आतून हाक मारली म्हणून राहिले.

वही उघडून दिली. पत्रही दिलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग २१४ वर बोट ठेवलं.

“हे कुणी खरवडलं?”

“मी.”

“का?”

“भीती वाटली.”

“आणि आता?”

“आताही वाटते.”

“प्रकाश म्हणजे कोण?”

“माझे मिस्टर.”

जबाब त्यांनी स्वतः लिहून घेतला. नकाशा मंडळाचा, भंगारातून आलेला, गुरुजींनी मंडळाच्या कामासाठी सही करून नेलेला. मी खाली सही केली. नेहमीसारखं अक्षर आलं नाही.

“शेख, तुम्ही खोटं का बोललात?” फौजदारांनी विचारलं.

गुरुजी म्हणाले, “प्रकाश माझा विद्यार्थी आहे.”

तीन वाजता त्यांना जायला सांगितलं. नकाशा, कॅमेरा, आमची वही तिथेच राहिली. मला वाटलं, आता गुरुजी काहीतरी बरं बोलतील. रस्त्यावर आलो तर संतापले होते, ओठांच्या कडेला फेस.

“कुणी सांगितलं होतं तुला? मी म्हातारा. मला काय करणार होते? दोन दिवसांनी कंटाळून सोडलंच असतं. त्याची नोकरी आहे!”

“सोडलं नसतं तर?”

ते रिक्षात बसले. मी चालत स्टँडला आले. एका हातात रिकामी पिशवी, तिच्यात तांदळाचे चार दाणे.

९ जून, बुधवार

काल प्र.ना सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. हातपाय धुतले, जेवले, भात परत मागून घेतला. मग,

“मला विचारून जायचं होतंस.”

“विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात.”

“हो.”

पाठ करून झोपले. आज सकाळी डबा न घेता गेले. विसरले की मुद्दाम, कळलं नाही.

१२ जून, शनिवार

पत्र आलं. कार्यालयाच्या मालमत्तेबाबत खुलासा करण्यासाठी २१ तारखेला ठाण्याच्या ऑफिसात हजर राहावं. तोवर धरणावर जायचं नाही. प्र. दिवसभर घरात. भिंतीतले खिळे ठोकून घट्ट केले, सगळेच्या सगळे.

नळावर बायका होत्या. मी गेल्यावर बोलणं थांबलं. एकीने माझा हंडा आधी लावू दिला. ते जास्त लागलं.

मुरबाडहून माणूस आला. अध्यक्षांना पोलीस ठाण्यात बोलावलं होतं, पत्राबद्दल. ग्रंथालय ‘परिस्थिती निवळेपर्यंत’ बंद, चावी त्याच्याकडे द्यावी. तोंडी निरोप. मी म्हटलं, लेखी आणा. माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. तो गेला. चावी माझ्याकडे आहे.

१५ जून, मंगळवार

पाऊस चालू झाला चार दिवसांपूर्वी. ग्रंथालयात गळती बघायला गेले, दार लोटून घेतलं, उघडलं म्हणून बोर्ड लावला नाही. तासाभराने जिन्यावर पावलं. कपाटाआड जाऊन उभी राहिले, खरंच, लहान मुलासारखी.

गुरुजी होते. छत्री निथळत. खिशातून घडी घातलेले कागद काढले. पकडलं त्याआधी चार वीरगळ मोजून झाले होते, ते टिपण पँटच्या आतल्या खिशात राहिलं, कुणी बघितलं नाही.

“कागद काढ.”

माफी मागितली नाही, आभार मानले नाहीत. मीही नाही. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. पहिला, उंची साडेतीन फूट, तीन चौकटी. खालच्या चौकटीत पडलेला माणूस, शेजारी गाय. दुसऱ्यात घोडा, डोकं फुटलेलं. तिसरा पालथा, फिरवता आला नाही. चौथा आमच्या वस्तीच्या तोंडाशी होता, गुरुजी म्हणाले, त्याला तुझी सासू शेंदूर लावायची. लिहू का हे? लिही.

“उरलेले दोन?”

“पाण्यात गेले असतील आता. पुढच्या वर्षी.”

खाली टेलरच्या दुकानात कुणीतरी मोठ्याने हसलं. गुरुजींनी टिपण मुठीत धरलं. हसणं थांबलं, मशीन परत चालू झालं, तरी ते आणखी थोडा वेळ तसेच होते.

“कौलं बदलली?” मी विचारलं.

“रुखसानाने बदलली. मी पुढच्या खोलीत झोपत नाही अजून.” आणि लगेच, “पाचवा मुद्दा लिही. दगडाची जात.”

२१ जून, सोमवार. ठाणे

ऑफिसच्या बाकावर बसून लिहितेय, पेन्सिलीने. बाहेर पाऊस. प्र.नी काल दोनदा शर्टाला इस्त्री केली. मला येऊ नको म्हणाले. मग सकाळी स्टँडवर मागे वळून बघितलं, मी होतेच मागे. दोन तिकिटं काढली.

गाडीत एवढंच विचारलं, “खरं तेच सांगू ना?”

मला काय माहीत. खरं सांगून काय होतं ते मला या महिन्यात कळेनासं झालंय. तरी म्हटलं, हो.

साडेअकराला आत गेले. दार बंद. काचेवर रंग लावलेला, आतलं दिसत नाही. आवाज येतात, शब्द कळत नाहीत. एक आवाज प्र.चा. कुणीतरी खुर्ची सरकवली.

बारा वीस. समोरच्या बाकावर दुसरा एक माणूस, तोही बोलावलेला. आम्ही एकमेकांकडे बघत नाही.

बारा चाळीस. प्र.चा आवाज चढला. प्र. साहेबांसमोर कधी आवाज चढवत नाहीत. काय म्हणाले असतील? ‘गुरुजी’ एवढंच ऐकू आलं, दोनदा.

शिपाई बाहेर आला. माझ्या या रोजनिशीकडे बघतोय.

म्हणतो, “शहापूरच्या ग्रंथालयाच्या बाई तुम्हीच का? आत बोलावलंय तुम्हाला.”

मला बोलावलेलं नव्हतं. पत्रात माझं नाव नाही, म्हणजे आत प्र.नीच घेतलं असणार.

उठते